शून्य म्हणजे

मे महिना. इतवारी. हेड ऑफिसचा तिसरा मजला.
कूलरच्या ताट्या दुपारपासून कोरड्या
आणि पंखा तीच गरम हवा परत परत वाटतो.
सर्व्हरच्या खोलीत मात्र स्वेटर लागतो.
शेहेचाळीस आणि अठरा, मध्ये काचेचं एक दार.

भिवापूरहून निखाडेबाईंचा फोन, आजचा सहावा.
"मॅडम, पुन्हा तेच. कनेक्शन टाइमआउट.
सातऱ्यावरच्या बाया उभ्या आहेत काउंटरले,
मिरचीचे देठ खुडून हात जळून राहिले त्यांचे,
मजुरी काढाले आल्या.
काय सांगू त्यांना?"

पंधरा सेकंद मीच लिहिले होते, मागच्या सोमवारी.
दार वाजवायचं, पंधरा मोजायचे,
कोणी आलं नाही तर घरात कोणी नाही असं धरून
परत फिरायचं.
आत गेल्यावर उत्तरासाठी किती बसायचं
तो आकडा निराळा, त्याची ओळ निराळी.
नवी पोरं दोन्हींची गल्लत करतात.
मीही केली होती, एकदा, मार्चअखेरीला.

त्याआधी त्या जागी शून्य होतं.
वैरागडे साहेबांच्या हातचं.
शून्य म्हणजे लगेच, असं वाटतं.
तसं नाही. शून्य म्हणजे मर्यादाच नाही,
दार उघडेस्तोवर उभं राहा.
झिरो माइलच्या गावात आम्ही शून्यापासून
सगळी अंतरं मोजायला शिकलो,
आणि हे शून्य काहीच मोजत नव्हतं.

बाकी शाखा आम्ही इकडे आणल्या,
भिवापूरची खाती अजून तिथल्याच जुन्या मशीनवर.
एप्रिलात कुठल्याशा जेसीबीनं केबल उकरली
आणि त्या दारापाशी गेलेली एकेक विनंती
इथली खुर्ची धरून बसली ती उठेना.
खुर्च्या साठ.
अकराला रामटेक थांबलं, मग काटोल, मग उमरेड,
बाराला आमच्याच खालच्या मजल्यावर
लोक पासबुकानं वारा घेत उभे.

साहेबांना फोन लावला. मानेवाड्याला असतात.
रिंग वाजत राहिली.
मी सवयीनं मोजत होते. नऊ. चौदा. पंधरा.
पंधराला अंगठा लाल बटणावर गेलाच होता.
एकवीस.
"हां, बोल बेटा. गुडघ्यानं उशीर होते."

शून्य काऊन ठेवलं, विचारलं.
ते बराच वेळ गप्प. लाइन गेली की काय, मी कान दाबला.
"पहिल्या वर्षी तिथेच होतो मी, भिवापुरात.
एक म्हातारा नांदहून पायी यायचा, दर महिन्याले.
त्याले मशीन म्हणे, वेळ संपली.
मी म्हटलं, संपू देत नाही."
मग खोकले. मग म्हणाले,
"चुकलंच असेल. तू पाहून घे."

लॉग उघडला. भिवापूरचं दार
कधी सतरात उघडतं, कधी बावीस,
उन्हानं डबा तापला की एकोणतीस.
सगळ्यांना पंधरा राहू दिले.
फक्त त्या एका ओळीत पस्तीस.
फसलं तर दोनदा परत, दर वेळी थोडं जास्त थांबून,
आणि त्या दारासाठी आठच खुर्च्या,
म्हणजे बाकीच्यांच्या त्यानं अडवू नयेत.
वर शेरा लिहिला:
'पस्तीस. मोजून. शून्य करू नये.'
नाव लिहिताना आधी त्यांचं लिहिलं, मग माझं.

चार वाजून दहा मिनिटांनी निखाडेबाई.
"झालं मॅडम! चक्र फिरते फिरते, अन् उघडते.
अकरा जणींचे देऊन झाले."
मागून हसण्याचा, शिंकण्याचा आवाज,
मिरची कपड्यांतून शाखेत आली असणार.
"बारा होत्या ना?" मी विचारलं.

"एक गेली दुपारीच.
बस होती तिची."